परसबाग सल्ला : पाण्याआधी पाचोळा

प्रश्न : आमच्या बंगल्याभोवती सुमारे दोन गुंठ्यांची बाग असून जमीन काळी आहे. मार्चपासून आम्ही रोज सायंकाळी पाइपने पाणी देतो, तरीही दुपारी झाडे माना टाकतात आणि वाफ्यांना भेगा पडतात. देशी बदाम आणि साग यांचा पाचोळा रोज पडतो. माळी तो झाडून कोपऱ्यात जाळतो. पाणी आणखी वाढवावे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पाणी वाढवण्यापूर्वी पाचोळा जाळणे थांबवावे, कारण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या कोपऱ्यातच राख होत आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली आणि त्यासाठी किमान ५,००० रुपयांची भरपाई ठरवून दिली, ही झाली कायद्याची बाजू. बागेच्या दृष्टीने पाहिले तर उघडी, झाडूने स्वच्छ केलेली माती उन्हात तापते, तिच्यातील ओल वाफ होऊन निघून जाते आणि वरच्या थरातील बारीक मुळे करपतात. काळ्या जमिनीत त्यात भेगांची भर पडते; भेगांच्या भिंतींवरूनही पाणी उडते, म्हणजे खोलवरची ओलसुद्धा सुरक्षित राहत नाही. ‘दोन कोळपण्या (पिकाच्या ओळींतील वरची माती हलवून भेगा बुजवणे) म्हणजे एक पाणी’ असे कोरडवाहू शेतकरी म्हणतात, ते यामुळेच. प्रथम खुरप्याने वरची बोट-दोन बोटे माती हलवून भेगा बुजवाव्यात, त्यानंतर भरपूर पाणी द्यावे आणि माती ओली असतानाच तिच्यावर पाचोळ्याचा पाच ते आठ सेंटिमीटर जाडीचा थर पसरावा. कोरड्या मातीवर आच्छादन घातल्यास वरून दिलेले थोडे पाणी पाचोळ्यातच अडकते आणि मुळे तहानलेली राहतात. सागाची मोठी पाने एकमेकांवर चिकटून बसतात व त्यांवरून पाणी घरंगळून जाते, म्हणून ती चुरून किंवा इतर पाल्यात मिसळून वापरावीत. खोडाभोवती वीतभर जागा मात्र मोकळी ठेवावी. सतत ओला पाला खोडाला टेकून राहिल्यास साल कुजते आणि वाळवीलाही वाट मिळते.

पाणी रोज थोडे देण्याऐवजी मोठ्या झुडपांना चार-पाच दिवसांनी, आळे पूर्ण भरेल असे द्यावे. वरवरच्या पाण्याने मुळे वरच राहतात आणि उन्हाचा पहिला तडाखा त्यांनाच बसतो. वेळ शक्यतो पहाटेची किंवा सकाळी लवकरची असावी. दुपारी पाने मलूल दिसली म्हणून घाईने पाइप हाती घेण्याचे कारण नाही. पानांतून जाणारे पाणी मुळांना तेवढ्याच वेगाने पुरवता आले नाही, तर जमिनीत ओल असूनही पाने दुपारी झुकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ताठ असतील, तर झाड सुस्थितीत आहे. सकाळीही झुकलेली असतील, तर खुरप्याने दहा सेंटिमीटर खोल उकरून पाहावे आणि तेथील माती कोरडी असेल तरच पाणी द्यावे. काळ्या जमिनीत अतिपाण्यानेही मुळांना हवा मिळेनाशी होते आणि तेव्हाही पाने अशीच मलूल दिसतात. कुंड्यांना हे वेळापत्रक लागू नाही. त्यांतील माती थोडी असते, म्हणून त्यांना रोज पाणी लागेल आणि पश्चिमेच्या उन्हात असलेल्या कुंड्या शेडनेटखाली हलवणे चांगले.

पाचोळ्यात साप येतील, अशी भीती अनेक घरांत असते आणि ती अनाठायी नाही. मात्र साप प्रामुख्याने उंदीर आणि आडोसा यांच्या मागे येतात. त्यामुळे भिंतीला लागून रचलेल्या विटा, लाकडे व पाल्याचे ढीग हटवावेत आणि घराच्या भिंतीपासून हात-दोन हात पट्टा मोकळा ठेवावा.

प्रश्न : जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापसासारखा थर आला असून पाने गुंडाळली जात आहेत. कळ्याही गळतात. कोणते औषध मारावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : हा पिठ्या ढेकूण आहे. कोरड्या, उष्ण हवेत तो झपाट्याने वाढतो. अंगावरच्या मेणचट आवरणामुळे फवारा त्याला सहज लागत नाही, म्हणून फवारणीपूर्वी गुंडाळलेले शेंडे कापून, पिशवीत बांधून टाकावेत आणि उरलेल्या फांद्या पाण्याच्या जोरदार धारेने धुवाव्यात. त्यानंतर एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून, पानांच्या मागील बाजूस पोहोचेल असे उन्हे कलल्यावर फवारावे आणि आठवड्याने पुन्हा फवारावे. फांद्यांवर मुंग्यांची रांग दिसत असेल, तर तिचा बंदोबस्त केल्याविना ही कीड हटणार नाही. पिठ्या ढेकणाच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याचे त्याच्या शत्रूंपासून रक्षण करतात.

तीव्र रासायनिक कीटकनाशक घरच्या बागेत वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. पपईवरील पिठ्या ढेकणाने, जो जास्वंदीवरही येतो, दक्षिण भारतात व महाराष्ट्रात धुमाकूळ घातला, तेव्हा २०१० मध्ये पोर्तो रिकोहून आणलेल्या एका अतिसूक्ष्म परोपजीवी कीटकाने त्याला आवर घातला. असे मित्रकीटक विषारी फवाऱ्याने आधी मरतात आणि कीड पुन्हा उसळते.

प्रश्न : अंगणातील आंब्याची एक फांदी छपरावर आली आहे. झाडावर कैऱ्या आहेत. ती आत्ता कापावी का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : वाळलेली किंवा धोकादायक फांदी नसेल, तर फळे उतरेपर्यंत थांबावे. आत्ता हिरवी फांदी काढल्यास आतापर्यंत सावलीत असलेली साल एकदम उन्हात येऊन भाजते. कापल्यावर जखमेला बोर्डो पेस्ट लावावी. त्यासाठी मोरचूद व चुना प्रत्येकी एक किलो आणि पाणी दहा लिटर हे प्रमाण आहे. शहरी भागात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार खासगी अंगणातील झाड तोडण्यासाठीही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, म्हणून मोठी फांदी काढण्यापूर्वी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा.

प्रश्न : घरामागे चार माड आहेत. विहिरीचे पाणी एप्रिलनंतर अपुरे पडते. काय करावे?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पाणी बुंध्यावर ओतू नये. माडाची अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळे बुंध्यापासून दोन मीटरच्या आत पसरलेली असतात, म्हणून १.८ मीटर त्रिज्येचे उथळ आळे करून पाणी त्यात सर्वत्र पसरू द्यावे. आळ्यात नारळाची सोडणे (वरची काथ्याची साले) पालथी, म्हणजे फुगीर बाजू वर ठेवून, एकमेकांना लागून मांडावीत किंवा झावळ्या तोडून अंथराव्यात. तांबड्या जमिनीत पाणी लवकर खाली झिरपते, त्यामुळे तेथे एका वेळी फार पाणी देण्यापेक्षा मापात आणि कमी अंतराने दिलेले पाणी उपयोगी पडते. स्वयंपाकघरातील भांडी विसळलेले, फारसा साबण नसलेले पाणी आळ्याकडे वळवता येईल. माडांजवळ शेणाचा उकिरडा असल्यास तो पावसापूर्वी उपसून चाळावा, कारण माडाचा कोंब पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्याच्या अळ्या तेथेच वाढतात. त्या मातकट पांढऱ्या, जाडसर आणि वळलेल्या असतात व हाताने वेचून नष्ट करता येतात.