दोन खोल्यांच्या घरात, हजार-बाराशे रुपयांत महालक्ष्म्यांची आरास आणि फराळ कसा करावा?

ताई, तुम्ही लिहिलंय की यंदा पहिल्यांदाच वेगळं घर केलंय, लातूरला भाड्याच्या दोन खोल्या आहेत, सासूबाईंनी मुखवटे तुमच्या हवाली केलेत, आणि सोयाबीन अजून रानात उभं असल्यामुळे हातात हजार-बाराशेच्या वर पैसा नाही. तेवढ्यात आरास कशी करायची, सवाष्णींना द्यायचं काय, असं तुम्ही विचारलंय.

मी परभणीकडची, नांदेडला दिलेली. महालक्ष्म्या, म्हणजे कुणाकडच्या गौरी, बसवायला लागून बावीस वर्षं झाली, त्यातली सुरुवातीची सहा वर्षं अशाच दोन खोल्यांत काढली. म्हणून खात्रीने सांगते, तुमच्याजवळ आहे तेवढ्यात होतं आणि देखणं होतं. आपल्याकडे हा सण भाद्रपदात येतो तोच मुळी सुगीच्या आधी, शेतकऱ्याचा हात आखडलेला असताना. त्यामुळे त्याची जुनी आरास बघा, घरातलं धान्य, बांधावरची पानंफुलं आणि कढईतून निघालेले पदार्थ, एवढ्याचीच आहे. तीन दिवसांनी यातलं काही डब्यात परत जातं, काही पोटात, उरलेलं मातीत. आरास निवडताना मी आजही एवढंच बघते, मूळ नक्षत्रावर विसर्जन झाल्यावर ही वस्तू जाणार कुठं?

हे मला उशिरा कळलं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी शेजारणीचं बघून मी थर्माकोलचं मखर आणलं होतं, चौदाशे रुपये उसने घेऊन. भाद्रपदातली पावसाची हवा, डिंक सुटला आणि पूजनाच्या दिवशीच कमान बाजूला कलली. विसर्जनानंतर ते तुकडे ना जाळता येईनात, ना पुरता येईनात, पोत्यात भरून वर्षभर माळ्यावर पडून राहिले. उसने पैसे फेडायला दिवाळी उजाडली. आता तर २०१८ पासून आपल्या राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदीच आहे, त्यामुळे तो विषय मनातून काढून टाका.

सगळ्यात आधी फुलोऱ्याचं बोलते, कारण तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्यात आहे. महालक्ष्म्यांच्या डोक्यावर मंडपीला जे तळलेले पदार्थ दोऱ्याने टांगतो तो फुलोरा. तीच आरास, आणि विसर्जनानंतर तोच लेकरांचा फराळ. लाकडी मंडपी नसेल तर चार वेळूच्या काठ्या चौकोनात सुतळीने बांधा, मधून एक आडवी घ्या आणि छताच्या कडीला किंवा दोन खिळ्यांना अडकवा. बुरूडगल्लीत काठ्या स्वस्तात मिळतात, आणि पुढची दहा वर्षं त्याच चालतात.

फुलोऱ्याचं पीठ मात्र रोजच्या करंजीचं नको. पहिल्या वर्षी मी खुसखुशीत व्हाव्यात म्हणून भरपूर मोहन घातलं. रात्री अकराला टपटप आवाज यायला लागला. बघते तर निम्म्या पापड्या दोऱ्यापाशी मोडून राशींवर पडलेल्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं, टांगायचं पीठ आणि खायचं पीठ येगळं असतंय." तेव्हापासून माझं माप ठरलंय. एक वाटी बारीक रवा, एक वाटी मैदा (मैदा नको असेल तर चाळलेली कणीक), मीठ चिमूटभर आणि गरम तेल फक्त एक मोठा चमचा. पाणी बेताने घालून घट्ट भिजवा, अर्धा तास झाकून ठेवा, मग कुटून घ्या. पापडी जाडसरच लाटायची, दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडी जाड. भोक तळायच्या आधी पाडायचं, आणि सुईने नाही, धुतलेल्या पेनाच्या टोपणाने. तेलात पीठ फुगतं आणि बारीक भोक बुजून जातं. मग तळलेल्या पापडीला भोक पाडायला गेलं की ती हातातच तडकते.

याच पिठाची वेणी करा. करंगळीएवढ्या तीन वळ्या घ्यायच्या, लेकीची वेणी घालतो तशा गुंफायच्या, वरच्या टोकाला दोऱ्यासाठी कडं ठेवायचं. फणीसाठी चौकोनी तुकडा घेऊन एका बाजूने सुरीने दात पाडायचे. देवीला वेणी-फणी लागतेच. करंज्या आणि सांजोऱ्या पाच-पाच पुरतात, सारणाला रव्याचा गुळातला सांजा घ्या, खोबऱ्यापेक्षा बराच स्वस्त पडतो. सगळं मंद आचेवर, घाई न करता तळा. आच मोठी झाली की वरून रंग येतो, आतून ओल राहते, आणि भाद्रपदाच्या हवेत दुसऱ्या दिवशी सगळं मऊ पडून खाली येतं. तळून झाल्यावर रात्रभर कापडावर पसरून ठेवा, सकाळी टांगा. दोरा गोधडीचा घ्या, शिलाईचा बारीक दोरा पदार्थ कापतो. आणि मंडपीच्या सुतळीला जिथं ती खिळ्याला बांधली तिथं हळदीचा बोट-दोन बोट लेप द्या, मुंग्या उतरत नाहीत.

दोन वाट्या पिठात पंधरा-वीस नग सहज होतात. खोली लहान असल्यामुळे तेवढ्याने मंडपी भरून दिसते, मोठ्या वाड्यात ती रिकामी दिसली असती.

माझी आजी १९७२ च्या दुष्काळाची गोष्ट सांगायची. रेशनवर मिळणारी लाल मिलो ज्वारी, कामावर मिळणारी सुकडी, तेल तर औषधापुरतं. तिने त्या वर्षी मिलोच्या पिठाच्या कडक पापड्या तव्यावर भाजल्या आणि पाचच टांगल्या. "फुलोरा झाला," म्हणायची, आणि सांगताना तिचा चेहरा उजळायचा. मला पैशाची ओढाताण असलेल्या प्रत्येक वर्षी तिच्या त्या पाच पापड्या आठवतात.

आता महालक्ष्म्यांपुढची आरास. तुम्हाला लेकरं असतील तर हे काम त्यांना सोबत घेऊनच करा. ज्वारीची वाळलेली धाटं आणा. गावाकडून कुणी येत असेल तर कडब्याची एक पेंढी मागवा, नाहीतर शहरात गुरं बाळगणाऱ्याकडे मागितली तर चार धाटं कुणी नाही म्हणत नाही. धाटाचं पेर कापायचं, वरची टणक साल म्हणजे चोय लांब पट्टीसारखी सोलून काढायची. आत जो पांढरा, हलका, बोटाने दाबला तर दबणारा भेंड निघतो, तो आपला थर्माकोल आहे, आणि तो शेतात पिकतो! चोयीच्या अणकुचीदार काड्या भेंडात खुपसल्या की डिंकाशिवाय, दोऱ्याशिवाय काहीही जोडता येतं. आमच्या लहानपणी आम्ही यातून बैलगाडी करायचो. भेंडाच्या दोन गोल चकत्या म्हणजे चाकं, लांब पेराच्या दोन दांड्या, त्यांवर आडव्या चोयी बसवून साठा, पुढे जू.

पोळ्याला आणलेले मातीचे बैल बहुतेक घरांत देवळीत तसेच असतात. तेच या गाडीला जुंपा. पोळा श्रावणी अमावस्येला, आणि महालक्ष्म्या त्यानंतर आठवड्याभराने, त्यामुळे बैलांचा रंगही ताजा असतो. गाडीत मुगाच्या, उडदाच्या शेंगा भरा, याच दिवसांत त्यांची तोडणी चाललेली असते. उरलेल्या भेंडांचं छोटं आड करा, त्यावर रहाट, शेजारी एक खोपी. माझ्या धाकट्याने एका वर्षी गाडीमागे धाटाची माणसं उभी केली होती, डोक्याला चिंधीचं मुंडासं बांधून. हळदीकुंकवाला आलेल्या बायका मुखवट्यांना नमस्कार करून त्या गाडीपाशीच बसून राहिल्या, प्रत्येकीला आपलं गाव आठवत होतं.

एक सांभाळा, चोय सोलताना बोट कापतं आणि खोल कापतं. सोलायचं काम मोठ्यांनी करावं, लेकरांनी जोडावं. धाटं थोडी ओलसर फडक्यात गुंडाळून ठेवली की चोय सरळ निघते, तडकत नाही.

मुखवटे ज्यांवर बसवतात त्या कोठ्या नसतील तर विकत घेऊ नका. गव्हाचे दोन मोठे स्टीलचे डबे भरून ठेवा, त्यांवर लहान डबे, तेही भरलेलेच. धान्याच्या वजनाने महालक्ष्म्या हलत नाहीत. मागच्या भिंतीला आईची किंवा सासूबाईंची जुनी इरकल साडी बारीक चुण्या घालून लावा, काठ वर येईल असा. इरकलीचा गर्द रंग आणि पुढे पिवळी फुलं, याहून चांगला पडदा मी बाजारात बघितलेला नाही. फुलं म्हणाल तर झेंडू त्या आठवड्यात महाग होतो. तेरडा, गोकर्ण, कर्दळ, रस्त्याकडेच्या तरवडाची पिवळी फुलं, आघाडा-दुर्वा हे सगळं एक सकाळ फिरलात तर परडीभर मिळेल.

राशी घालायच्याच असतात, तर त्यांचीच रांगोळी करा. मोठ्या परातीत तांदूळ, मूग, मसूर, तूरडाळ, उडीद यांचे पट्टे घाला आणि प्रत्येक पट्ट्याच्या मध्ये चोयीची एक पट्टी उभी ठेवा. विसर्जनानंतर प्रत्येक डाळ आपापल्या डब्यात परत जाते. पट्टी न ठेवता केलं त्या वर्षी सगळं मिसळलं, मग मी ते दळून आणलं आणि महिनाभर धिरडी केली. तसंही चालतं म्हणा, पण डाळ डाळीच्या डब्यात गेलेली बरी.

पावलांसाठी स्टिकर आणू नका. तांदळाचं पीठ पातळसर भिजवा, मूठ वळा, करंगळीकडची बाजू त्यात बुडवून फरशीवर उमटवा, वर बोटाच्या टोकाने पाच ठिपके. झालं पाऊल. उंबऱ्यापासून चुलीपर्यंत, तिथून धान्याच्या डब्यापर्यंत, मग देवीच्या जागेपर्यंत काढा. अनुराधा नक्षत्रावर आवाहन करताना प्रत्येक ठिकाणी थांबून विचारायचं, "महालक्ष्मी कशाच्या पावलांनी आली?" आणि घरच्यांनी म्हणायचं, "सोन्याच्या पावलांनी आली." दोन खोल्यांत चार-पाच ठिकाणीच थांबावं लागेल. सावकाश थांबा.

नैवेद्यात खर्च वाढतो तो सोळा भाज्यांनी. प्रत्येक भाजी पाव-पाव किलो घेतली तर तिथंच पैसे संपतील. ज्येष्ठा नक्षत्राच्या आदल्या दिवशी मंडईत सगळ्या भाज्या थोड्या थोड्या घातलेला वाटा मिळतो, तो घ्या. तोही तुम्हाला जास्त होत असेल तर गल्लीतल्या तिघींनी मिळून भाज्या घ्याव्यात आणि वाटून घ्याव्यात, आम्ही अजूनही तसंच करतो. सोळांची एकच मिसळ भाजी करा. पुरण डाळीएवढ्याच गुळाचं, अर्धा किलो डाळ छोट्या घराला पुरून उरते, आणि कटाची आमटी त्याच पाण्यात होते. ज्वारीची आंबील तर फुकटात पडल्यासारखी. रात्री ज्वारीचं पीठ ताकात भिजवून ठेवा, सकाळी मीठ, जिरं घालून शिजवा. पुरणपोळीपेक्षा तिचीच वाट बघणारी माणसं आमच्या घरात आहेत.

हळदीकुंकवाला वाटली डाळ करा. अर्धा किलो हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून जाडसर वाटायची, हिरवी मिरची, जिरं, भरपूर फोडणी, झाकण ठेवून वाफ काढत परतायची, वरून कैरी नसते या दिवसांत म्हणून लिंबू. पळसाच्या लहान द्रोणात घातली तर वीस-पंचवीस जणींना होते. द्रोण आठवडी बाजारात मिळतात, प्लास्टिकच्या वाट्या नकोत. सोबत एक शेंगदाण्याचा लाडू. पाव किलो भाजलेले शेंगदाणे, दीड-पावणेदोनशे ग्रॅम गूळ, खलबत्त्यात किंवा मिक्सरात एकत्र फिरवले की दाण्याच्याच तेलाने वळले जातात, तुपाचा थेंब लागत नाही. आदल्या दिवशी घरात पाहुणे मुक्कामी आले तर सकाळी सुशीला टाका. मुरमुरे भिजवून पिळायचे, कांदा-मिरचीची फोडणी, शेंगदाणे आणि डाळ्याचं कूट, दहा माणसांचा नाश्ता शंभराच्या आत होतो.

समई आणि धाटांची खोपी यांच्यात एक हाताचं तरी अंतर ठेवा, आणि इरकलीच्या पडद्यापासूनही. वाळलेला कडबा क्षणात पेटतो. पुरणाचे दिवे आरतीपुरतेच लावा, आरती संपली की ताट बाहेरच्या खोलीत आणा. पंखा त्या दिवशी एक नंबरावर, नाहीतर फुलोरा एकमेकांवर आपटतो.

कामाची आखणी म्हणाल तर धाटं आणि मंडपी गणपती बसायच्या आधी, फुलोरा आवाहनाच्या आदल्या दिवशी दुपारी, लाडू त्याच रात्री, डाळ पूजनाच्या दिवशी भिजत घालायची. सगळं एका दिवसावर आणलंत तर देवीपुढे बसायला तुम्हालाच वेळ उरणार नाही.

विसर्जनाच्या दिवशी फुलोरा उतरवताना दोऱ्याच्या गाठी सोडवत बसू नका, कात्रीने कापा, खाली लेकरांनी सूप धरावं. वेणी कुणाला आणि फणी कुणाला, यावरून आमच्याकडे दरवर्षी भांडण होतं, म्हणून मी आता जितकी लेकरं तितक्या वेण्या करते, शेजारची धरून.