अ‍ॅप तयार आहे, पण सांगू कुणाला?

नोकरी सोडून स्वतःचं काही सुरू करणारी तरुण मंडळी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा तक्रारीचा सूर बहुतेक वेळा एकच असतो. "काम जमतं हो मॅडम, पण ते चारचौघांत मिरवणं जमत नाही." मालाडच्या निखिलचंही (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) हेच म्हणणं होतं.

निखिल तिशी ओलांडलेला सॉफ्टवेअर इंजिनिअर. ऐरोलीतली नोकरी सोडून त्यानं घरी बसून एक अ‍ॅप बनवलं होतं, घरगुती डबे देणाऱ्या बायकांच्या हिशेबाचं. भांडुपला त्याची काकू डबे देते. तिच्या स्वयंपाकघरात दारामागे कॅलेंडर लटकलेलं असतं. कुणाचा कधी खाडा, कुणाला अर्धा डबा, कुणाला दोन पोळ्या जास्त, सगळं त्या चौकटींत पेनाच्या खुणांनी मांडलेलं. महिनाअखेरीला खाडे मोजताना हमखास वादावादी. ते सगळं मोबाइलवर व्हावं, ही त्याची कल्पना. मला ती आवडली, पण अ‍ॅप चांगलं की वाईट हे ठरवणं माझं काम नव्हे.

त्याला माझ्याकडे आणलं बायकोनं. "कधीपासून नुसतं ‘झालंच, झालंच’ चाललंय," मृणाल म्हणाली. निखिलकडे कारणं भरपूर होती. आधी आयकॉन मनासारखा नव्हता, मग गुजराती भाषा घालायची होती, आता डार्क मोड, म्हणजे काळ्या पडद्याची सोय, बाकी होता. पहाटे पाचला कणीक मळणाऱ्या बाईला डार्क मोड कशाला लागतो, असं मी विचारलं. तो हसला, पण उत्तर नव्हतं त्याच्याकडे.

खरी गोष्ट दुसऱ्या भेटीत बाहेर आली. गूगल प्लेवर, म्हणजे अँड्रॉइड फोनच्या अ‍ॅप-दुकानात, १३ नोव्हेंबर २०२३ नंतर वैयक्तिक खातं उघडलेल्यांना नवं अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी बंद चाचणी, म्हणजे मोजक्या माणसांना अ‍ॅप वापरायला देऊन चाचणी, घ्यावी लागते. पूर्वी त्यासाठी २० माणसं लागत, आता निदान १२, आणि त्यांनी सलग १४ दिवस चाचणीत राहायला हवं. हे मला त्याच्याकडूनच कळलं. ही बारा माणसं तो विकत घेणार होता! पैसे घेऊन असे परीक्षक पुरवणारे लोक इंटरनेटवर सापडतात म्हणे. ज्याच्या फोनमध्ये सोसायटीचा, शाळेच्या बॅचचा आणि झाडून सगळ्या चुलत-मावस भावंडांचा ग्रुप आहे, त्याला या मुंबईत बारा माणसं मिळू नयेत?

"विचारायचं कसं मॅडम? म्हणतील, नोकरी सोडून हेच केलंस का."

हे वाक्य वडिलांचं होतं. बेस्टमधून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या लेखी पगाराची तारीख नसलेलं काम म्हणजे रिकामपण.

इथे घरच्यांची एक गल्लत होते. निखिल आळशी नव्हता. रात्री दोन-दोनपर्यंत जागून काम करत होता. म्हणूनच तो काही टाळतोय हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. ज्याची धास्ती वाटते ते टाळलं की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, आणि पुढच्या वेळी मन आपसूक तीच पळवाट धरतं. दर नव्या फीचरगणिक त्याची धास्ती वाढतच होती.

मनातले चुकीचे समज तपासायला शिकवणाऱ्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस आपल्या तरुणपणाचा किस्सा सांगत. मुलींशी बोलायची भीती घालवायला त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये शंभरेक अनोळखी मुलींशी ठरवून गप्पा मारल्या. भेटायला एकच तयार झाली, तीही आली नाही. भीती मात्र गेली. निखिलला मी हा किस्सा सांगितला आणि विचारलं, "काकूला अ‍ॅप दाखवलंस?"

नव्हतं दाखवलं. "पूर्ण झाल्यावर दाखवेन."

जिच्यासाठी बनवलं, तिलाच पत्ता नाही. मग पहिला गृहपाठ तोच ठरला. काकूच्या हातात फोन द्यायचा, समजावून सांगायचं नाही, गप्प बसून बघायचं. काकूचे हात पिठाचे, बटण बारीक, बोट भलतीकडेच पडायचं. आणि वर तिनं विचारलं, "अरे, आदल्या रात्री कळवलेला खाडा मी वजा करते, सकाळी कळवलेला नाही. ते कुठंय यात?" पुढच्या भेटीत निखिल तासातला निम्मा वेळ काकूच्या खाड्यांवर बोलत होता. ‘लोक काय म्हणतील’ हा विषय त्या दिवशी निघालाच नाही.

बारा माणसं जमली ती अशी: चार काकूच्या भिशीतल्या, बाकी मित्र आणि नात्यातले. गिरगावच्या आतेभावाकडे आयफोन, म्हणून तो बाद. ग्रुपवर टाकलेल्या मेसेजला नुसते अंगठे आले. ज्यांना एकेकट्याला फोन केला, ते खरे उपयोगी पडले. दोघांनी तोंडावर नाही म्हटलं. त्या नकारांवर आम्ही बराच वेळ बोललो, कारण ‘त्यांना अ‍ॅप नको’ आणि ‘त्यांना मी नको’ यांतला फरक त्याच्या डोक्यात पक्का बसायला हवा होता.

पैशाचं बोलणं मी मृणालला समोर बसवून केलं. प्लेच्या खात्याला एकदाच २५ डॉलर पडतात, अ‍ॅपलकडे वर्षाला ९९. घर काही त्यानं बुडत नाही. बुडतं ते पगाराविना चाललेल्या महिन्यांनी. "अ‍ॅप चालो न चालो, मला मुदतीचा एक महिना ठरवून हवाय," ती म्हणाली. दिवाळीपर्यंत वाट पाहायची, मग निदान अर्धवेळ काम धरायचं, असं ठरलं.

एक सांगायचं राहिलं. झोप, भूक, सतत उदास वाटणं हे सगळं मी पहिल्याच भेटीत विचारून घेतलं होतं. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर अशा गृहपाठांवर थांबू नये. मानसोपचारतज्ज्ञांना गाठावं. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.

अ‍ॅप दिवाळीआधी आलं. मग नवं खूळ, तासातासाला डाउनलोडचा आकडा बघायचा. तो दिवसातून एकदा, जेवणानंतर, एवढ्यावर आणायलाही वेळ लागला. कुणीतरी सुचवलं, नातेवाइकांना काहीतरी देऊन पाच-पाच तारे मिळव. मोबदला देऊन रेटिंग मिळवणं गूगलच्या नियमांत बसत नाही, आणि तसल्या ताऱ्यांनी त्याची धास्ती कमी होणारही नव्हती.

डाउनलोड बेताचेच आहेत, बरेचसे भांडुप-मुलुंडकडचे. निखिलनं ठरल्याप्रमाणे अर्धवेळ काम धरलंय. वडिलांनी अ‍ॅप अजून उघडून पाहिलेलं नाही. त्यावर बोलायचं का, असं मी विचारलं, तर म्हणाला, "सध्या राहू दे मॅडम, या आठवड्यात मुलुंडच्या बायकांना फोन लावायचेत."