आधी मेंढरू, मग प्रतीक

प्रिय,

मेंढपाळांच्या चित्रांवरच्या तुझ्या निबंधाचा मसुदा दोनदा वाचला. मेहनत जाणवते. पण पहिल्याच ओळीत तू लिहिलंस, ‘मेंढपाळ म्हणजे ख्रिस्त, मेंढरं म्हणजे भक्तजन.’ हे खरंच आहे, पण ते लिहून झालं आणि तुझं बघणं तिथेच थांबलं.

नेदरलँड्सचा चित्रकार पीटर ब्रुगेल याच्या रेखाटनावरून फिलिप्स गालेने १५६५ साली तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं ‘उत्तम मेंढपाळ’ पुन्हा समोर घे. मेंढवाड्याच्या दारात ख्रिस्त उभा आहे. खांद्यावर एक मेंढरू, बाकीची पायांशी. दारावर लॅटिनमध्ये बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातले शब्द: ‘मी मेंढरांचे दार आहे.’ आता नजर दारावरून काढ. कुणी छपरावर चढून गवत उपसतोय, कुणी भिंतीला भगदाड पाडतोय. दार मोकळं असताना एवढी माणसं घाम गाळून आडवाटेने आत शिरताहेत! मला तरी चित्राचा जीव इथे वाटतो. मागे लांबवर लांडग्याला सामोरा जाणारा मेंढपाळ आहे आणि मेंढरं टाकून पळणारा मोलकरी, म्हणजे मजुरीवर राखण करणारा, तोही. तो तुझ्या मसुद्यात आलाच नाही.

आडवाटेने शिरणारे हे चोर म्हणजे कॅथलिक धर्मगुरू, असं तू ठामपणे लिहिलंस. जपून. पुढच्याच वर्षी, १५६६ मध्ये, नेदरलँड्समध्ये प्रॉटेस्टंटांनी कॅथलिक चर्चमधल्या मूर्तींची तोडफोड केली. तेव्हा ज्याला त्याला समोरचाच चोर दिसत होता. चित्रावर पंथाची चिठ्ठी डकवायची घाई नको.

मग रेम्ब्रांटचं १६३४चं एचिंग (आम्लाने पत्रा कोरून छापलेलं चित्र) बघ, ख्रिस्तजन्माची वार्ता घेऊन आलेला देवदूत मेंढपाळांना दिसतो ते. त्यात सौम्य, शहाणा मेंढपाळ शोधू नकोस. माणसं जीव घेऊन पळताहेत, जनावरं उधळली आहेत. शुभवर्तमानात लूक सांगतो की ते फार भ्याले. ‘भिऊ नका’ हे त्यानंतर येतं. रेम्ब्रांटने मधला तो क्षण धरला. काळोखासाठी त्याने रेघांवर रेघा चढवल्या. देवदूताभोवतीचा उजेड मात्र कोरलेला नाही. तो शाई न लागलेला कोरा कागद आहे. हे तुझ्या निबंधात यायलाच हवं, कारण इथे अर्थ आणि हातकाम वेगळे काढताच येत नाहीत.

ॲमस्टरडॅममधल्या राइक्सम्युझियम या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर अशी मुद्राचित्रं मोठी करून बघता येतात. आठवडाभर लिहू नकोस, नुसतं बघ. मग त्या पळणाऱ्या मोलकऱ्यावर एक परिच्छेद लिहून पाठव. वाट पाहतो.

तुझे,
सर