ब्रेनस्पॅनच्या डेटात जवळपास प्रत्येक जनुक वयानुसार बदलताना का दिसतं?

समजा, तुम्ही ब्रेनस्पॅनचे (मानवी मेंदूच्या वाढीतला जनुकांचा खुला डेटासंच) ५२४ आरएनए-सेक नमुने (कोणतं जनुक किती सक्रिय आहे याचं मोजमाप) घेतलेत, वय वर्षांत टाकून साधं रेषीय मॉडेल बसवलंत आणि बहुतेक जनुकं लक्षणीय निघाली. घोळ मोजदादीतच आहे. नमुने ५२४ असले तरी दाते (ज्यांचे मेंदू घेतले त्या व्यक्ती) ४२च. एकेका मेंदूचे सरासरी साडेबारा तुकडे, आणि त्या सगळ्यांचं वय एकच. समजा, एखाद्या जनुकात एकाच दात्याच्या नमुन्यांमधला सहसंबंध ०.४ आहे. मग १ + (११.५ × ०.४) = ५.६; ५२४ ला याने भागलं की वयापुरती माहिती साधारण ९४ नमुन्यांइतकीच उरते. म्हणून मॉडेलमध्ये दाता रँडम इफेक्ट (दात्यागणिक बदलणारा यादृच्छिक घटक) म्हणून हवाच. लिमा या आर पॅकेजचं डुप्लिकेट कोरिलेशन सगळ्या जनुकांना एकच सहसंबंध लावतं. ड्रीम ही दुसरी पद्धत तो जनुकागणिक वेगळा काढते. वेळ जास्त खाते, तरी मी तीच घेईन. मात्र तिच्याआधी वजनं काढणाऱ्या व्हूमला कच्चे काउंट लागतात. हाताशी फक्त आरपीकेएम (जनुकाची लांबी आणि एकूण रीड्सनुसार समायोजित आकडे) असतील तर लॉग घेऊन लिमा-ट्रेंड वापरा.

वय वर्षांत ठेवू नका. गर्भधारणेपासूनचे दिवस मोजून त्यांचा लॉग२ घ्या: ८ आठवडे म्हणजे ५.८, जन्म (२६६ दिवस) ८.१, चाळिशी १३.९. साध्या दिवसांत जन्मापूर्वीचा काळ अक्षाच्या जेमतेम दीड टक्क्यात चेपला जातो. लॉगवर त्याला २८ टक्के जागा मिळते. त्यावर ३-४ डीएफचा (डिग्रीज ऑफ फ्रीडम) नॅचरल स्प्लाइन, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी जोडलेला गुळगुळीत वक्र, पुरे, ४२ दात्यांना त्याहून जास्त झेपत नाही. त्याच्या गाठी (तुकडे जिथे जोडले जातात ती वयं) दात्यांच्या वयावरून ठरवा, नमुन्यांच्या नव्हे.

गँग्लिऑनिक एमिनन्ससारख्या (गर्भाच्या मेंदूतला तात्पुरता भाग) रचना फक्त अगदी लहान गर्भांतच आहेत. तिथे भाग आणि वय एकमेकांत अडकतात, म्हणून प्रौढ मेंदूतही सापडणाऱ्या १६ भागांपुरतंच मॉडेल ठेवा. मॉडेलमध्ये आरआयएन (आरएनए किती शाबूत आहे याचा गुणांक) घाला, पण तोही वयाबरोबर सरकत असेल तर त्याच्यासह आणि त्याच्याविना असे दोन्ही निकाल बघा.

अर्थ लावताना सांभाळा. जन्मानंतर एमबीपी (मायलिनचं जनुक) चढतं, डीसीएक्स (कोवळ्या न्यूरॉनचं जनुक) उतरतं. पण अख्ख्या ऊतीत हे बरंचसं ऑलिगोडेंड्रोसाइट (मायलिन बनवणाऱ्या पेशी) वाढल्यामुळे आणि कोवळे न्यूरॉन घटल्यामुळे दिसतं. पेशीच्या आत नियमन बदललं असं त्यावरून म्हणता येत नाही.

शेवटी वयं दात्यांमध्ये पत्त्यांसारखी पिसा आणि मॉडेल पुन्हा चालवा. पी-मूल्यं सपाट पसरायला हवीत. शून्याजवळ ढीग दिसला तर दात्याचा परिणाम अजून मॉडेलबाहेर आहे. नमुनेच पिसलेत, तर तुमचं जुनं चुकीचं मॉडेलही या चाचणीत पास होईल.