देवमाशापाशी रडत कोण बसलं होतं?

ताई, नमस्कार.

माझं वय 61. माहेर दांडिया बाजारातलं, सासर रावपुऱ्यात, म्हणजे सगळं आयुष्य बडोद्यातच गेलं. माझी स्मरणशक्ती लहानपणापासून चांगली. कुणाची मुंज कोणत्या साली झाली, कुणाच्या लग्नात मठ्ठा आंबट झाला होता, सगळे मलाच विचारतात. आई मला 'घरची वही' म्हणायची.

गेल्या महिन्यात आईचं वर्षश्राद्ध झालं. पुण्याहून दादा-वहिनी आले होते. जेवणं झाल्यावर मी भाचीला माझी नेहमीची गोष्ट सांगत होते. मी सहा वर्षांची असताना कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये हरवले. देवमाशाच्या सांगाड्यापाशी रडत बसले, तिथल्या शिपायाने शेंगदाण्यांची पुडी दिली, मग बाबा धावत आले. आजही सगळं डोळ्यांसमोर आहे. निळ्या फ्रॉकातली मी, तो भलामोठा जबडा, शिपायाच्या कोटाची पितळी बटणं. तर दादा हसायलाच लागला. म्हणाला, "अगं, हरवलो मी होतो. सहा वर्षांचा मी, तू चारची. आईच्या कडेवर होतीस."

शब्दाने शब्द वाढला आणि विषय आईच्या पाटल्यांवर गेला. 2019 च्या पुरात आईला वरच्या मजल्यावर हलवलं, तेव्हा तिने मला स्पष्ट सांगितलं होतं, "पाटल्या तुझ्या." दादा म्हणतो, नातीच्या लग्नासाठी ठेवल्यात असं ती त्याला फोनवर म्हणाली होती. वहिनी मध्येच म्हणाली, "ताई, तुम्ही हल्ली बरंच विसरता." ते खरं आहे. किल्ल्या, चष्मा, शेजारच्या सुनेचं नाव. पण हे कसं विसरेन? दादा खोटं बोलतोय, की माझ्याच डोक्यात काही बिघडलंय? महिना झाला, आम्ही बोललेलो नाही. रात्री झोप लागत नाही.

– घरची वही

*

वहीबाई,

तुमचं पत्र वाचलं आणि आधी कपाट उघडून एक जुनं अंतर्देशीय पत्र बाहेर काढलं. त्याची गोष्ट सांगते.

26 जानेवारी 2001, सकाळचे 8 वाजून 46 मिनिटं. भूकंप झाला तेव्हा तुम्ही कुठे होतात, हे गुजरातेतल्या कुणालाही विचारा, घडाघडा सांगेल. मीही सांगायचे. मुलीच्या शाळेत झेंडावंदन चाललं होतं, तिचा हात माझ्या हातात होता, आणि समोर झेंड्याची काठी डुलायला लागली. ही हकीकत मी किती जणांना ऐकवली असेल याची गणती नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी सांगलीच्या माझ्या बहिणीने घर बदललं, तेव्हा माझी जुनी पत्रं तिने मला परत पाठवली. त्यात 30 जानेवारी 2001 चं हे पत्र निघालं. मी लिहिलंय: "न्हाणीघरात केस धूत होते. बादलीतलं पाणी हिंदकळायला लागलं तर वाटलं, चक्कर आली. तशीच ओल्या केसांनी जिना उतरले. छोटी बाबांबरोबर शाळेत गेली होती, तिची बातमी येईपर्यंत जिवात जीव नव्हता."

अक्षर माझं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकासुद्धा माझ्याच. आणि तरी खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं ते हेच की पत्रातच काहीतरी चुकलंय! अजूनही डोळे मिटले की मला काठीच डुलताना दिसते. बादली दिसत नाही.

हे एकटीचं खूळ असावं म्हणून मी गप्प होते. मग कळलं की यावर रीतसर अभ्यास झालेला आहे. 28 जानेवारी 1986 ला अमेरिकेचं चॅलेंजर यान आकाशात फुटलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी उलरिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने एमरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तू कुठे होतास, कुणी सांगितलं, काय करत होतास. अडीच-पावणेतीन वर्षांनी त्यातल्या 44 जणांना पुन्हा तेच विचारलं. मुख्य तपशिलांना सातपैकी गुण ठेवले होते. 11 जणांना शून्य मिळालं, आणि त्यातलेही काही छातीठोकपणे सांगत होते. त्यांच्याच हस्ताक्षरातला कागद समोर ठेवला तरी काहीजण हटेनात. मला फार बरं वाटलं ते वाचून. चला, सोबत आहे.

आता तुमच्याकडे येते. दादा खोटं बोलत नाही. तुमच्या डोक्यातही त्या गोष्टीवरून काही बिघडलेलं दिसत नाही. तुम्हा दोघांचं चुकतंय ते एकाच ठिकाणी. चित्र लख्ख दिसतंय आणि मनाला खात्री वाटतेय, म्हणून ते खरं, असं दोघंही धरून चालला आहात.

बघा, किल्ली हरवली की आपल्याला कळतं. नाव जिभेवर येत नाही तेव्हाही कळतं, चारचौघांत लाज वाटते. विसरणं असं लगेच उघडं पडतं. चुकीचं आठवणं मात्र आतून कळायला मार्गच नाही, कारण चुकीची आठवण आतून अगदी खऱ्यासारखीच लागते. त्यामुळे साठी ओलांडली की आपण चष्म्यावरून स्वतःला नावं ठेवतो आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या गोष्टीवर पैज लावायला तयार होतो. जुनं सगळं पक्कं आहे हो, हल्लीचंच राहत नाही, असं म्हणतो आपण. पण जुनं तपासलंय कुणी?

तुमची 'वही' ही ख्याती खोटी नाही. पण ती कशावर उभी आहे बघा. वाढदिवस, मुंजीची सालं, फोन नंबर. यातलं काही चुकलं की समोरचा लगेच सांगतो, नंबर चुकला तर फोन भलत्याच घरी लागतो. वर्षानुवर्षं ही वही तपासली गेली, दुरुस्त होत आली, म्हणून चोख राहिली. घनपाठी वैदिक आठवा. पदं सुलट म्हणायची, उलट म्हणायची, पुन्हा जोडून म्हणायची, आणि समोर गुरुजी चूक पकडायला बसलेले. तेव्हा कुठे एक अक्षर हलत नाही. तुमच्या देवमाशासमोर गुरुजी कधी बसले? ती गोष्ट तुम्ही सांगत गेलात आणि ऐकणारे हसत गेले. आपल्या घरातल्या गोष्टी अशाच तर असतात, दर वेळी थोडं तिखट-मीठ जास्त. पुढच्या वेळी आपल्याला आठवतं ते मागच्या वेळी सांगितलेलं, आणि तिखट-मिठासकट.

तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर मी बराच वेळ थांबले. "निळ्या फ्रॉकातली मी." डोळे मिटा आणि नीट बघा. जबड्यापाशी बसून रडणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला काय दिसेल? हाडं, येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय, चपला, साड्यांचे काठ. स्वतःचा अख्खा फ्रॉक, रडणारं तोंड, हे तिला कुठून दिसणार? तुम्ही स्वतःकडे बाहेरून बघताय, कोपऱ्यात कॅमेरा लावल्यासारखं. एवढ्यावरून आठवण खोटी ठरत नाही हं. खऱ्या जुन्या आठवणीही पुष्कळदा अशा बाहेरून दिसायला लागतात. पण ते चित्र त्या दुपारचं नाही, नंतर काढलेलं आहे, एवढं नक्की. फ्रॉकचा निळा रंग एखाद्या जुन्या फोटोतून आला असेल. नाही, तेव्हा फोटो काळे-पांढरे. मग रंग तर आणखीच कुठून तरी आला!

आणि दादा जिंकला असंही समजू नका. हेच सगळं त्यालाही लागू आहे. न्यूझीलंडमधल्या काही संशोधकांनी 2001 मध्ये जुळ्या भावंडांवर केलेलं काम छापलं. ठरावीक शब्द देऊन प्रत्येकाला आपापल्या आठवणी सांगायला लावल्या, तर 20 पैकी 14 जोड्यांमध्ये निदान एक तरी आठवण अशी निघाली की दोघंही म्हणतात, हे माझ्या बाबतीत घडलं. साध्या भावंडांतही हे दिसतं. एका घरात, एका अंगणात वाढलेल्यांचं असंच होणार. कोण हरवलं हे सोडून बाकी सगळं तुम्हा दोघांचं सारखंच आहे. तीच बाग, तोच मासा, तेच बाबा. त्या दिवशी एकजण हरवलं आणि दुसऱ्याने ते पाहिलं, किंवा घरी येऊन आठवडाभर ऐकलं. ऐकता ऐकता तोही हरवला. तो मासासुद्धा, म्हणतात, 1944 मध्ये महीच्या मुखाशी वाट चुकून आला होता. असो.

कोण हरवलं होतं याचा निकाल आता लागणार नाही. सांगू शकणारी दोन माणसं गेली. ते सोडून द्या.

पाटल्यांचं सोडून देता येणार नाही, कारण त्या कपाटात आहेत. तुम्हाला आवडणार नाही, पण माझं मत असं, की आई दोघांनाही म्हणाली असणार. पुराचं पाणी जिन्याच्या पायरीला लागलेलं असताना, लेक उशाशी बसलेली, तेव्हा "तुझ्याच आहेत गं त्या" असं कुठलीही आई म्हणेल. पुण्याहून लेकाचा फोन आला, नातीच्या लग्नाचा विषय निघाला, तर "ठेवल्यात हो तिच्यासाठी" असंही म्हणेल. त्या बोलण्याला मृत्युपत्र समजू नका. शिवाय आईचे नेमके शब्द कुठले, हे तुम्हालाही ठाऊक नाही आणि दादालाही नाही. आपल्याकडे मतलब उरतो, शब्द आपण नंतर बसवतो. तेव्हा 'आई काय म्हणाली' हा खटला बंद करा. तिने कुठे लिहून ठेवलंय का बघा, डबा, लॉकर, पोथीतली चिठ्ठी. काही सापडलं नाही तर कायदा सरळ आहे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आईच्या वस्तूंत मुलगा आणि मुलगी सारखेच वाटेकरी, वडील हयात असते तर तेही. पाटल्या दोन आहेत, तुम्हीही दोघं. जोड मोडायची नसेल तर वजन करून किंमत काढा, एकाने जोड घ्यावी, दुसऱ्याला अर्धे पैसे द्यावेत. भाचीच्या लग्नात तुम्हीच तुमच्या हाताने जोड तिच्या हातात घातलीत तर मला आवडेल, पण ते तुमचं तुम्ही ठरवा. जे ठरेल ते लिहून दोघांच्या सह्या घ्या. हसू नका. दहा वर्षांनी तुम्हा दोघांनाही ठरलेलं वेगवेगळं आठवेल.

आता वहिनीचं बोलणं. वेळ चुकीची होती, श्राद्धाच्या पंगतीवर कुणी असं बोलतं का? पण रागाच्या भरात तो मुद्दा झटकूनही टाकू नका. चष्मा, किल्ल्या, शेजारच्या सुनेचं नाव, हे आमच्याकडे रोजचं आहे, त्यावरून मी घाबरणार नाही. आपली स्मरणशक्ती कशी आहे याबद्दल आपल्याला काय वाटतं आणि तपासणीत काय निघतं, यांचा मेळ फारसा बसत नाही. मन उदास असलं, झोप नसली की तक्रारी वाढतात. तुमची आई जाऊन वर्षच झालंय आणि महिनाभर तुम्ही झोपलेल्या नाहीत. काळजी करण्यासारखं कधी, तर त्याच तासात तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो आणि आधी विचारल्याचं आठवत नाही, रावपुऱ्यातून मांडवीला जाताना पायाखालची वाट परकी वाटते, गॅसचं बिल दोनदा भरलं जातं किंवा रोजची आमटी करताना पुढे काय घालायचं ते सुचत नाही. यातलं काही तुम्हाला नाही, पण घरच्यांना दिसत असेल, तर डॉक्टरांकडे जा. यात घरच्यांचं म्हणणं आपल्यापेक्षा जास्त धरायचं. आणि असं काही नसलं तरी एकदा बी-12 आणि थायरॉइड तपासून घ्या, झोपेच्या गोळ्या वगैरे घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. या कारणांनी होणारा विसराळूपणा बरेचदा उपचाराने सुधारतो.

अमेरिकेत 1500 जणांना फोनवरून विचारलं होतं, 2011 मध्ये ते छापून आलं. 63 टक्के लोक म्हणाले, स्मृती व्हिडिओ कॅमेऱ्यासारखी चालते. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांना हे अजिबात मान्य नव्हतं. तेव्हा दादाला 'खोटारडा' म्हणायच्या आधी एवढं लक्षात घ्या, की तो जगातल्या बहुतेक माणसांसारखाच आहे. तुमच्यासारखा. माझ्यासारखा.

फोन तुम्हीच करा. मोठा तो आहे, पण रुसून तुम्ही बसल्या आहात ने? 'माझं चुकलं' म्हणू नका, कारण चुकलं की नाही हे कुणालाच माहीत नाही. त्याला एवढंच विचारा, "दादा, तू हरवलास तेव्हा काय काय झालं रे?" आणि मध्ये न बोलता ऐका. त्याच्या गोष्टीत शिपाई आहे का, बटणं आहेत का, बाबांनी मारलं की उचलून घेतलं. बाबांबद्दलचं एखादं असं काही त्याच्याकडे असेल जे तुमच्याकडे नाही. वहीच आहात तर लिहून घ्या, त्याच्या नावाने, तारीख घालून.

दिवाळीला तो येईल तेव्हा दोघं कमाटीबागेत जाऊन या. शेंगदाण्यांच्या पुड्या दोन घ्या.

– ताई