मामांचं पिस्तूल ह्यूस्टनला न्यायचंय, पण…

तुझा प्रश्न मला समजला तो असा. एक ऑक्टोबरला तू एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर ह्यूस्टनला रुजू होणार. ओहायोतले तुझे मामा अमेरिकेचे नागरिक, त्यांच्याकडे दोन पिस्तुलं, आणि त्यातलं एक ते तुला देऊ म्हणतात. थँक्सगिव्हिंगला त्यांच्याकडे आलास की डिकीत टाकून घेऊन जा, टेक्ससात लायसन्सबियसन्स काही लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. "काका, हे बरोबर आहे ना?"

नाही. यात दोन चुका आहेत आणि दुसरी पहिलीपेक्षा मोठी आहे.

मामांना वाटतं त्यात त्यांचा फारसा दोष नाही. आपल्याकडे हत्याराचं लायसन्स म्हणजे एक पुस्तिका, तिच्यात बंदुकीचा नंबर, वर पोलिसांची चौकशी, आणि निवडणूक लागली की हत्यार ठाण्यात जमा करायचं. साताऱ्यात तू हे पाहिलंच असशील. ओहायोत यातलं काही नाही. मामांनी तेच पिस्तूल उद्या ओहायोतच राहणाऱ्या शेजाऱ्याला विकलं, तर कुठल्याही कचेरीत जावं लागत नाही. शेजारी बंदूक बाळगायला अपात्र आहे हे माहीत असताना किंवा तशी शंका घ्यायला जागा असताना विकायचं नाही, एवढं पथ्य. गाडीला असतं तसं आरसी बुक पिस्तुलाला नसतं. टेक्ससातही तसंच. मग दोन्हीकडे मोकळं आहे तर मधे अडतं कुठे? अडतं ते राज्याच्या सीमेवर, कारण तिथे वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्र सरकारचा, कायदा लागू होतो.

हा कायदा १९६८ चा. १९६३ मध्ये केनेडींना मारणारी रायफल शिकागोच्या दुकानातून टपालानं डॅलसच्या पोस्ट बॉक्सवर आली होती, तीही खोट्या नावानं. मग ६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी गेले, आणि रखडलेला कायदा एकदाचा झाला. त्याचं सूत्र असं की, ज्याच्याकडे विक्रेत्याचा परवाना नाही अशा माणसानं दुसऱ्या राज्यातल्या रहिवाशाला बंदूक द्यायची नाही आणि त्यानंही ती आपल्या राज्यात आणायची नाही. विकत, भेट, फुकट, काहीही असो. मामा-भाचा हे नातं कायद्याला दिसत नाही. जाणूनबुजून मोडला तर पाच वर्षांपर्यंत कैद, आणि देणारा व घेणारा दोघेही अडकतात.

सनदशीर रस्ता एकच. पिस्तूल घेणाऱ्याच्या राज्यातल्या परवानाधारक दुकानदाराकडे गेलं पाहिजे. इथे त्याला सगळे एफएफएल म्हणतात. रायफल किंवा शॉटगन असती तर तू ओहायोतल्याच एखाद्या दुकानातून घेऊ शकला असतास, दोन्ही राज्यांचे नियम पाळून. हँडगनला, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हरला, ती सवलत नाही. ओहायोचा दुकानदार ते टेक्ससच्या दुकानदाराकडे पाठवेल, पण तुझ्या हातात देणार नाही.

मी स्वतः यातून गेलोय. माझे पहिले बॉस निवृत्त होऊन टेनेसीत स्थायिक झाले आणि त्यांनी मला त्यांचं जुनं रिव्हॉल्व्हर द्यायचं ठरवलं. मी जॉर्जियात, अटलांटाजवळ. मला ग्रीन कार्ड मिळून तेव्हा दोन वर्षं झाली होती, हे ध्यानात ठेव, पुढे कामाला येईल. त्यांनी ते त्यांच्या गावच्या दुकानात दिलं, त्या दुकानानं माझ्याकडच्या दुकानात धाडलं. मी गेलो तेव्हा काउंटरवर रिव्हॉल्व्हर ठेवलेलं, सिलिंडर बाहेर काढलेलं, नळीतून पिवळी प्लॅस्टिकची पट्टी ओवलेली. दुकानदारानं टॉर्च मारून नंबर मोठ्यानं वाचला, आपल्या वहीतल्या नोंदीशी ताडला आणि मग माझं ड्रायव्हिंग लायसन्स मागितलं. त्यावर पत्ता होता जुन्या अपार्टमेंटचा. झालं, घरी जा. लायसन्सवरचा पत्ता तू राहतोस तोच लागतो, नाहीतर नव्या पत्त्याचा दुसरा सरकारी कागद सोबत लागतो. गाडीच्या रजिस्ट्रेशनवर नवा पत्ता होता, ते घेऊन तासाभरानं परत गेलो.

मग फॉर्म ४४७३, बंदूक घेणाऱ्यानं दुकानात भरायचा. नाव, गाव, काउंटी, ग्रीन कार्डवरचा ए नंबर, आणि हो-नाहीची रांग. कुठल्या गुन्ह्यात दोषी ठरलायस का, अमली पदार्थ घेतोस का वगैरे. गांजाबद्दल तिथे वेगळा इशाराच छापलेला आहे: तुझ्या राज्यानं गांजा कायदेशीर केला असला तरी वॉशिंग्टनच्या लेखी तो बेकायदेशीरच. फॉर्म भरून झाला की एफबीआयकडे चौकशी जाते. उत्तर तीनपैकी एक येतं: द्या, थांबा किंवा नाही. मला 'थांबा' आलं. कारण सांगत नाहीत. माझा अंदाज, नावामध्ये वडिलांचं नाव घुसवण्याची आपली पद्धत त्यांच्या यंत्राला झेपली नसावी. तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर दुकानदार देऊ शकतो, पण द्यायलाच हवं असं नाही. माझं तिसऱ्या दिवशी सुटलं. दुकानाची फी तीस डॉलर.

मामांना स्वतः गाडीनं ह्यूस्टनला येऊन दुकानात द्यायचं असेल तर तेही चालतं. रस्त्यात पिस्तूल रिकामं, डिकीत, हाताला येणार नाही असं. विमानानं आले तर कुलूपबंद कडक पेटीत, काउंटरवर सांगून, चेक-इन बॅगेत. पण आधी दुकानात फोन करा, कारण काही दुकानदार दुसऱ्या दुकानाकडून आलेलंच हत्यार घेतात. पोस्टाच्या पार्सलचा विचारसुद्धा करू नका.

तू लिहिलंयस की फुकट नको वाटतं, मामांना पैसे देईन. त्यांच्याकडचं जुनं पिस्तूल त्यांनी विकलं तर हरकत नाही. पण "तुला नवंच घेऊन देतो, पैसे नंतर दे" असं मामा म्हणाले तर तिथेच थांबव. व्हर्जिनियातला एक माजी पोलीस, अब्रॅम्स्की, यानं पेनसिल्व्हेनियातल्या काकांसाठी ग्लॉक पिस्तूल घेतलं. पोलिसांना मिळणारी सूट मिळवावी, एवढाच हेतू. काकांनी आधी चारशे डॉलरचा चेक पाठवला होता. पुढे त्यानं सगळं शहाण्यासारखं केलं, पेनसिल्व्हेनियातल्या एफएफएलमार्फत, चौकशी करूनच काकांना पिस्तूल दिलं. काका पूर्ण पात्र होते. तरी २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी त्याची शिक्षा कायम ठेवली, कारण फॉर्मवर त्यानं "खरा खरेदीदार मीच" असं लिहिलं होतं. आपल्या घरांत "तू घे, मी नंतर देतो" हे वाक्य दिवसातून चार वेळा म्हटलं जातं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

आता दुसरी चूक. हे सगळं बिनचूक केलंस, दुकान, फॉर्म, पत्ता, तरी तुझं पाऊल फॉर्मवरच्या एका प्रश्नापाशी अडेल: तू नॉन-इमिग्रंट व्हिसावर देशात आलायस का? नॉन-इमिग्रंट म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी नसलेला; एच-वन-बी म्हणजे तेच. अशा माणसाला अमेरिकेत बंदूकच काय, एक काडतूसही बाळगता येत नाही. नुसतं विकत घेणं नव्हे, बाळगणं. २०२२ पासून याला पंधरा वर्षांपर्यंत कैद आहे, आणि माहीत असून देणाऱ्या मामांनाही तितकीच. शिवाय बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलास तर हद्दपारीचं कलम वेगळं. एवढ्या खटाटोपानं मिळवलेला व्हिसा एका पिस्तुलापायी घालवशील. बायको एच-फोरवर येणार असेल तर तिलाही हेच लागू.

याला पळवाट नाही, पण सरळ वाट आहे: शिकारीचं लायसन्स. कुठल्याही राज्याचं, मुदतीतलं लायसन्स असेल तर ही बंदी लागत नाही. टेक्ससात ते राज्याच्या वन्यजीव खात्याकडून मिळतं, आणि तुझ्या वयाच्या माणसाला शिकारीला जायचं तर सहसा शिकारीचा सुरक्षा कोर्सही करावा लागतो. आईला हे कसं समजावायचं ते तू बघ. एकही ससा मारायची सक्ती नाही. पण तिथलं लायसन्स वर्ष संपतं ३१ ऑगस्टला. नूतनीकरण विसरलास तर एक सप्टेंबरच्या सकाळी तू झोपेत असताना कपाटातलं पिस्तूल गुन्हा होऊन बसलेलं असतं. गणपतीच्या धांदलीत माणूस वीजबिल विसरतो, मग हे काय! म्हणून माझं मत विचारशील तर ग्रीन कार्ड येईपर्यंत घेऊच नकोस. ग्रीन कार्डवाल्याला ही बंदी नाही. आपल्या लोकांची त्याची रांग किती लांब आहे ते तुला ठाऊकच आहे.

आणि हो, शूटिंग रेंजवर जाऊन फोटो काढायची तुमच्या वयात हौस असते. मामा तिथे हातात पिस्तूल देतील, खेळापुरतं तात्पुरतं द्यायला आंतरराज्य कायद्याची हरकतही नसते. पण व्हिसावाल्यासाठी तेही बाळगणंच. व्हिसाशिवाय येणारा जर्मन किंवा जपानी पर्यटक तिथे बिनधास्त गोळ्या झाडतो, आपल्याला चालत नाही. असा फोटो म्हणजे स्वतःच तयार केलेला पुरावा.

मामांनी मृत्युपत्रात तुझ्या नावे ठेवलं तर काय, असंही विचारलंयस. वारसानं मिळालेल्या हत्याराला दुकानाची अट नाही, राज्य वेगळं असलं तरी. व्हिसाची बंदी मात्र तेव्हाही तशीच. मामा शंभरी गाठोत, तोवर तुझं ग्रीन कार्ड येईल.

बाबांचं कानपूरचं पॉइंट थर्टी टू रिव्हॉल्व्हर इकडे आणायचा विचार सोड. तिकडून बाहेर न्यायची परवानगी, इकडे आयातीचा वेगळा अर्ज, आणि वर तुझा तोच व्हिसा. त्यांच्याच लायसन्सवर साताऱ्यात राहू दे.