गळू फुटलं, ठणका गेला, पण लस थांबेना: आता काय करायचं?

जिंतूरकडच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. मिस्टर ४१ वर्षांचे, शुगरच्या गोळ्या चालू. संडासच्या जागेला लागून गळू आलं, पाच दिवस अँटिबायोटिक घेतलं, शेवटी ते आपोआप फुटलं. सहा आठवडे झाले तरी एका बारीक तोंडातून लस येते, चड्डीला डाग पडतो. एक जण म्हणतो लगेच लेझर, दुसरा म्हणतो क्षारसूत्र (औषधी दोऱ्याचा आयुर्वेदिक उपाय), तिसरा म्हणतो राहू द्या, आपोआप बंद होईल.

ताई, पू साठलेला असेल तर त्याच दिवशी चिरा द्यावा लागतो. पण नुसती लस येत असेल, ठणका आणि ताप नसेल, तर ऑपरेशनची घाई नाही. आधी ती वाट आत कुठे जाते ते नीट बघायचं. ह्या दोन्ही गोष्टी उलट केल्या, म्हणजे पू असताना गोळ्यांवर थांबलं आणि नुसती नाडी, म्हणजे भगंदराची आत जाणारी वाट, असताना पहिल्याच आठवड्यात ऑपरेशनला गेलं, की माणूस वर्षानुवर्षं दवाखाने फिरतो.

हे होतं कसं? गुदद्वाराच्या आत साधारण दोन सेंटिमीटरवर बारीक ग्रंथींची तोंडं असतात. त्यातलं एक चोंदलं की ग्रंथीत पू होतो, संडास रोखणाऱ्या दोन स्नायूंच्या मधल्या फटीत उतरतो आणि वाट काढत कातडीपर्यंत येतो. बाहेर दिसतं ते गळू, मूळ मात्र आत. बाहेरून पू निघून गेला तरी आतलं तोंड उघडं राहिलं तर तिथून घाण येत राहते आणि नाडी तयार होते, तेच भगंदर. गळू झालेल्या दर तिघांत एकाला, काही ठिकाणच्या नोंदींत जवळपास निम्म्यांना हे होतं, अगदी चिरा व्यवस्थित दिला तरी. त्यामुळे 'डॉक्टरनं नीट कापलं नाही म्हणून भगंदर झालं' हे बहुतेक वेळा खरं नसतं. ठेच्यामुळे किंवा 'उष्णतेमुळे' होतं हेही नाही. तिखटानं आग होते एवढंच.

पुन्हा गळू आलं तर काय, हे आधीच ठरवून ठेवा, कारण शुगरच्या माणसाला ते येऊ शकतं. साठलेल्या पुवात औषध पुरेसं पोचत नाही, म्हणून गोळ्यांनी दोन दिवस बरं वाटतं आणि पू खोलवर पसरतो. 'पिकू द्या, मग बघू' आणि कांद्याचं पोटीस, दोन्ही नकोत. चिरा गुदद्वाराच्या कडेच्या जितका जवळ तितका चांगला, म्हणजे पुढे नाडी झालीच तर ती लहान राहते. नुसती सुई टोचून पू काढला किंवा टिचभर चिरा दिला तर तोंड दोन दिवसांत मिटतं आणि पुन्हा भरतं. म्हणून कातडीचा छोटा तुकडा काढून तोंड उघडं ठेवतात. आत पट्टी ठासून भरण्याची जुनी पद्धत अजून दिसते. ब्रिटनमध्ये २०२२ साली निघालेल्या मोठ्या चाचणीच्या निकालात पट्टी भरल्यानं दुखणं जास्त आणि फायदा काही नाही, असंच दिसलं. अँटिबायोटिक चिऱ्याच्या जोडीला, शुगर असेल किंवा लाली पसरत असेल तर. चिऱ्याऐवजी नाही.

एक धोका मात्र रात्र न काढता ओळखायचा. कातडी जांभळी-काळी पडली, घाण वास सुटला, दाबल्यावर कातडीखाली चरचर लागली, सूज अंडकोषाकडे सरकली, थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर परभणीत सोय झाली नाही म्हणून सकाळची वाट बघू नका. थेट छत्रपती संभाजीनगरचं घाटी किंवा नांदेडचं विष्णुपुरी, ही मोठी सरकारी रुग्णालयं गाठा. शुगरवाल्यांत हे जिवावर बेततं.

आता तुमची आजची अडचण. सहा आठवड्यांनंतरही लस येते म्हणजे नाडी असण्याची शक्यता मोठी आहे. मधे आठ-दहा दिवस कोरडे गेले आणि मग पुन्हा फुगून ठणका सुरू झाला, तर ते बरं झालेलं नसतं. बाहेरचं तोंड मिटतं, आत पू भरतो. 'आपोआप बंद झालं' म्हणणारे इथेच फसतात.

सर्जन आधी बोटानं तपासतील. तोंडापासून आत जाणारी दोरीसारखी कडक रेघ कातडीखाली हाताला लागते. तोंड गुदद्वाराच्या पुढच्या बाजूला आणि जवळ असेल तर वाट बहुधा सरळ आत जाते, मागच्या बाजूला असेल तर वळसा घेऊन मधोमध उघडते. हा फक्त अंदाज. ओपीडीत सळई जोर लावून आत घालू देऊ नका, त्यानं खोटी वाट तयार होते आणि साधं भगंदर अवघड होऊन बसतं.

एमआरआय प्रत्येकाला लागतो असं नाही. पण शुगर आहे, पुन्हा पुन्हा गळू होतंय, एकाहून जास्त तोंडं आहेत किंवा आधी ऑपरेशन झालंय, तर करून घ्याच. सेंटरवर 'फिस्टुलासाठी', म्हणजे भगंदरासाठी, असं सांगा, नुसता ओटीपोटाचा एमआरआय कामाचा नाही. रिपोर्टमध्ये चार गोष्टी हव्यात: आतलं तोंड घड्याळाच्या किती वाजण्याच्या जागी आहे, नाडी कोणत्या स्नायूतून आणि किती उंचावरून जाते, फाटे आहेत का, आत पुवाची पोकळी उरली आहे का. हे नसेल तर रिपोर्ट पुन्हा लिहून मागा. बरेच जण पैसे मोजून नुसतं 'फिस्टुला आहे' असं एक वाक्य घेऊन येतात.

नाडी खालून, थोड्याच स्नायूतून जात असेल तर ती उघडी करणं, म्हणजे फिस्टुलोटॉमी, सगळ्यात खात्रीची. दहातले नऊ बरे होतात. जास्त स्नायू सापडत असेल तर हे करायचं नाही, वारा आणि संडास रोखणं जाऊ शकतं. तिथे आधी सैल दोरा घालून काही आठवडे पू वाहू देतात, मग लिफ्टसारखं (दोन स्नायूंच्या मधे नाडी बांधून तोडायची) स्नायू वाचवणारं ऑपरेशन. ऑपरेशनआधी सर्जनला सरळ विचारा, 'किती स्नायू कापणार?' उत्तर गोलमाल आलं तर दुसरं मत घ्या.

लेझर नाडीच्या आतल्या बाजूला जाळतं, स्नायू वाचतो, हे खरं. पण परत होण्याचं प्रमाण बरंच आहे, आणि आत पोकळी असताना लेझर म्हणजे झरा चालू ठेवून वरून माती लोटणं. 'टाका नाही, पुन्हा होत नाही' अशा बोर्डावर जाऊ नका. मूळव्याध-भगंदर इंजेक्शननं जाळणाऱ्यांकडे तर मुळीच नाही.

क्षारसूत्राला मी कमी लेखणार नाही. लिननच्या दोऱ्यावर निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे मिळून २१ थर देतात. दोरा दर आठवड्याला बदलतात, आठवड्याला साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर नाडी कापत आणि भरत जाते. म्हणजे पाच सेंटिमीटरला पाच ते दहा आठवडे धरा. १९९१ च्या आयसीएमआरच्या चाचणीत क्षारसूत्रानंतर पुन्हा होण्याचं प्रमाण ४ टक्के, ऑपरेशननंतर ११ टक्के होतं. पण भरायला वेळ दुप्पट लागला. दोरा बदलताना दुखतं आणि दर आठवड्याला जावं लागतं. ऊसतोडीला किंवा बाहेरगावी जाणाऱ्याला हे जमत नाही, अर्धवट सोडलेला दोरा काही कामाचा नाही. करायचंच तर नांदेड किंवा धाराशिवच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाच्या शल्यतंत्र (ऑपरेशनच्या) विभागात चौकशी करा.

ऑपरेशन झालं तर काढलेला तुकडा तपासणीला पाठवायला सांगा आणि टीबीचीही तपासणी लावा. आपल्याकडे टीबीचं भगंदर असतं, आणि ते ओळखलं नाही तर कितीही कापा, भरत नाही.

घरी करायचं ते एवढंच. प्लास्टिकच्या घमेल्यात कोमट पाणी, संडासनंतर आणि आणखी दोनदा, १० ते १५ मिनिटं बसायचं. पाणी तुम्ही स्वतःच्या कोपरानं बघा, शुगरवाल्याला चटका कळत नाही. डेटॉल, सॅव्हलॉन नको. टिपून कोरडं करा. डागासाठी अर्धा कापलेला सॅनिटरी पॅड चड्डीत लावला तर लाज वाचते. रात्री दोन चमचे इसबगोल मोठ्या ग्लासभर पाण्यात, नंतर आणखी एक ग्लास. पाणी कमी पडलं तर इसबगोलच घट्ट बसतं. उन्हाळ्यात हे विसरू नका. जुलाब करणारं औषध रोज घेऊ नका, पातळ संडासही जखमेला वाईट.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे भरती होण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या माणसाला) विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. आणि सर्जनकडे जाण्याआधी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, करून घ्या. तो आकडा, आणि तोंड कुठे आहे, पुढे का मागे, कडेपासून किती बोटांवर, हे इथे कळवा, म्हणजे आधी एमआरआय करायचा की आधी सर्जनला दाखवायचं ते सांगता येईल.